चोराचा रकाना

रविवारी सकाळी मी शेलू गावातल्या माझ्या घरी गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून मिक्सरची मोटर खोलून बसलो होतो. फोन वाजला. पडद्यावर सुजाता मॅडमचं नाव होतं. त्यांचा फोन मी गेली कित्येक वर्षं एकाच पद्धतीनं उचलत आलो, तसाच उचलला. "बोला, चोर बोलतोय," मी म्हणालो. एरवी यावर पलीकडून हसू यायचं आणि मग कामाचं बोलणं सुरू व्हायचं. त्या दिवशी काहीच आलं नाही... मग तिच्या आईचा आवाज आला. "दत्ता, सुजी गेली रं. चा घेऊन उठवाया गेले, तर उठलीच नाय." झोपेतच हृदय बंद पडलं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांची होती. त्या माऊलीनं मला फोन लावला आणि मी तिला पहिलं काय ऐकवलं, तर चोर बोलतोय. पुढं कित्येक दिवस मला याचंच वाईट वाटत राहिलं.

कॉलेजात मी तिला अहो-जाहो करायचो, मॅडम म्हणायचो. ती मला दत्ताभाऊ म्हणायची. इथं लिहिताना मात्र 'ती' असंच लिहितो, मनात ती कायम 'ती'च होती. खोपोली-कर्जत रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. ती तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची आणि तास, पेपर, परीक्षा सांभाळून उरलेल्या वेळात पीएच.डी. करायची. चोर ही पदवी मला तिनंच दिली. तिच्या प्रयोगात दोन वायरलेस संच एकमेकांशी बोलायचे आणि तिसऱ्यानं ते चोरून ऐकायचा प्रयत्न करायचा. तो तिसरा मी. सहा वर्षं मी कानाला हेडफोन लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, पगारी चोरी केली. ती घरी फोन करून माझ्या बायकोला विचारायची, "वहिनी, चोर जेवला का? पाठवा लवकर." शेजाऱ्यांना एकदा हे ऐकू गेलं आणि आमच्या मजल्यावर दोन दिवस वेगळीच कुजबुज चालली होती.

ती साजगावची. बौद्ध घरातली. वडील लहानपणीच गेलेले, आई अनसूयाबाई दुसऱ्यांच्या शेतावर लावणी-कापणी करायची. आई आणि काशीआत्या, म्हणजे सुजाताच्या वडिलांची बहीण, अशा दोघींनी मिळून ते घर ओढलं. कॉलेजात ती नोकरीला लागली तेव्हा स्टाफरूममध्ये एका गृहस्थांनी तिला गोड आवाजात विचारलं होतं, "मॅडम, तुमची निवड कुठल्या यादीतून झाली?" ती म्हणाली, "जी भिंतीवर लावली होती त्या यादीतून, सर. वरून पहिली." आणि पुढचा पेपर तपासायला घेतला. मी तिथं ऑसिलोस्कोप पोचवायला गेलो होतो. त्या दिवसापासून मी तिच्या बाजूचा झालो. तिच्या विषयातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण एवढं कळलं की ही बाई मागं सरणारी नाही.

विषय तिनं मला कसा समजावला ते सांगतो, कारण मला तो समजला म्हणजे कुणालाही समजेल. ती म्हणाली, "दत्ताभाऊ, आज फोनवर, बँकेत, सगळीकडं जी कुलुपं आहेत ना, ती चोराला वेळ लागतो एवढ्याच भरवशावर उभी आहेत. उद्या चोराला मोठं मशीन मिळालं की उघडली. मला असं काही करायचंय की चोराला जगबुडीपर्यंत वेळ दिला तरी उपयोग नाही. कारण त्याच्या हाती जे लागलं त्यात मुळात काही नसेलच." मी म्हटलं, हवेतून जाणारी लहर सगळ्यांच्याच अँटेनावर पडणार, मग नसेलच कसं? तिनं फळ्यावर सतरा लिहिलं. "मी एक आकडा मनात धरला. आईनं एक धरला. दोन्हींची बेरीज सतरा. सांगा, माझा कोणता?" मी म्हटलं, काय पण विचारता, कोण सांगणार? "आईला विचारा. तिला तिचा आकडा ठाऊक आहे. ती वजा करेल आणि माझा सांगेल." बस, एवढंच. दोन्ही संचांनी एकाच वेळी बोलायचं. मधल्या चोराला नुसती सरमिसळ ऐकू येणार. पण प्रत्येक संचाला स्वतः काय बोललो ते ठाऊक, ते वजा केलं की समोरच्याचं शिल्लक राहतं. फळ्यावरचं ते सतरा मी आठवडाभर पुसू दिलं नाही.

कल्पना पुस्तकांत आधीपासून होती, हे ती स्वतःच सांगायची. पण तिला ती पुस्तकात सापडण्याआधी शेतात सापडली होती. लावणीच्या दिवसांत तिची आई आणि काशीआत्या चिखलात वाकून, एकमेकींपासून लांब, दोघी एकदम बोलायच्या. सलग, न थांबता, एकीवर एक. बांधावरच्या आंब्याखाली उभ्या मुकादमाला गलका ऐकू यायचा, अर्थ लागायचा नाही. दोघींचं मात्र व्यवस्थित चाललेलं असायचं. लहानपणी सुजाताला वाटायचं, मोठी माणसं अशीच बोलतात. थेट एम.टेक.च्या वर्गात, सरांनी बेरजेचं समीकरण मांडलं तेव्हा, तिला आईचा आवाज आठवला. ही गोष्ट ती खुलून सांगायची, आणि पुढं जी चूक झाली ती याच गोष्टीतून झाली.

कॉलेजच्या मागं भातशेतं आहेत. भात कापून झालं की तिथं वाल पेरतात. एक संच कॉलेजच्या गच्चीवर, दुसरा शेतांपलीकडच्या एका बंद पंपघरात. नळाचं पाणी आल्यापासून त्या पंपघराला कुणी वाली नव्हता, तिच्या चुलतभावाकडून तिनं किल्ली मागून घेतली. आणि बरोबर मध्ये, बांधावर, आंब्याचं झाड. माझी जागा झाडाखाली. तिनं पावलं मोजून ती ठरवली होती, खुंटी ठोकली होती आणि टेबलही तिथंच ठेवायला लावलं होतं. संचांतून पाठवायला काहीतरी आवाज हवा, तर पुस्तकी वाक्यं तिला कंटाळवाणी वाटायची. म्हणून गच्चीवरच्या संचात तिनं आईकडून गावच्या नातलगांची सगळी नावं वदवून घेतली होती आणि पंपघराच्या संचात स्वतःच्या आवाजात सुकट-वांग्याच्या कालवणाची कृती भरली होती, संपली की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या कानात पडायची ती खरखर. चार तास खरखर ऐकायची आणि लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात लिहायचं. रजिस्टरात दोन रकाने होते, एक चोराचा आणि एक मित्राचा, म्हणजे ज्याला संदेश पोचायला हवा त्या संचाचा. चोराच्या रकान्यात मी लिहायचो, काही ऐकू आलं नाही. मित्राच्या रकान्यात ती लिहायची, सगळं पोचलं. तिचा एक कडक नियम होता, आधी लिहायचं, मग उठायचं. चहा आला तरी, पाऊस आला तरी. एकदा माझ्या चपलेवरून धामण गेली, तेव्हा मी उभा राहून लिहिलं, आणि तिनं त्याबद्दलही माझी शाळा घेतली होती.

चौथ्या वर्षी सगळं जुळून आलं. प्रबंध लिहून झाला, विद्यापीठाची शेवटची मुदतवाढ संपायला पंधरा दिवस राहिले, कागद बायंडिंगला जायच्या बेतात होते. तक्त्यासाठी एक-दोन मोजण्या जास्तीच्या असाव्यात म्हणून मी गेलो, तर आंब्यावर लाल मुंग्यांनी पानांचे खोपे विणलेले, आणि मुंग्या थेट टेबलावर, वायरींवर, माझ्या मानेवर. मी टेबल उचललं आणि सावली बघून पंपघराच्या भिंतीशी नेऊन मांडलं. झाडापासून तिथं लांब नव्हतं. ती त्या दिवशी वर्गावर होती, संच आपले आपण चालले होते. हेडफोन लावले... आणि कानात सुजाता. स्वच्छ. समोर बसून बोलावी तशी. सुकट कोरडी भाजून घ्यायची, डोकी काढायची, लसूण सालासकट ठेचायचा, वांगी फार बारीक चिरायची नाहीत. "आता चिंच कोळून घ्यायची," ती म्हणाली, आणि मी हेडफोन ओढून काढले.

कारण समजायला मला विषयातला तज्ज्ञ व्हायची गरज नव्हती. मी एका संचाच्या कुशीत बसलो होतो. जवळचा मोठ्यानं ऐकू येतो, लांबचा त्याच्याखाली दबतो, मग सरमिसळ कसली? चार वर्षं आम्ही चोराला अगदी मापून मध्ये बसवलं होतं, आणि चोर असा बसतो का कधी? मी बराच वेळ भिंतीला टेकून राहिलो. मग रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'मुंग्यांमुळे आज मोजणी झाली नाही.' माझ्या उभ्या आयुष्यात मी यापेक्षा वाईट ओळ लिहिलेली नाही. मनाशी म्हटलं, परीक्षक काय पंपघराशी येऊन बसणार आहेत? पंधरा दिवस राहिलेत, बाईनं चार वर्षं हाडाची काडं केली आहेत, एकदा पदवी हातात पडू दे, मग सांगू सावकाश. तिच्या भल्यासाठीच गप्प बसतोय असं मी स्वतःला पटवलं, आणि मला ते पटलंसुद्धा.

दहा-बारा दिवसांनी ती खोपोलीहून बायंडिंग करून आली. काळ्या पुठ्ठ्याच्या पाच प्रती, सोनेरी अक्षरं. दोन्ही हातांनी छातीशी धरून प्रयोगशाळेत शिरली. "पहिली तुम्ही उघडायची," म्हणाली, "ऋणनिर्देशाचं पान." मी उघडलं. मार्गदर्शक सर, मग आई, मग काशीआत्या. आणि शेवटी माझं नाव, त्याच्या पुढं लिहिलेलं, 'यांनी चोराचं काम प्रामाणिकपणे केलं.' मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. ती हसत माझ्याकडं बघत होती, मी काय म्हणतो याची वाट बघत.

"मॅडम, हे आता देऊ नका," मी म्हणालो. "मी ऐकलंय."

"काय ऐकलंय?"

"तुमचा आवाज. पंपघराच्या भिंतीशी बसून. मुंग्यांच्या दिवशी."

"कुठवर?"

"चिंच कोळेपर्यंत. मग मी बंद केलं."

तिनं प्रती टेबलावर ठेवल्या, कडा जुळवून. मला वाटलं रडेल. तिनं रजिस्टर मागितलं, ते पान काढलं, मुंग्यांची ओळ वाचली, आणि तेव्हा कुठं तिचा आवाज चढला. "मी चुकले ते माझं मी बघेन. गणित दुरुस्त होतं, दत्ताभाऊ. हे पान कसं दुरुस्त होणार? आता आधीच्या सगळ्या पानांवर मी विश्वास कशाच्या जोरावर ठेवू?" तिनं मला पेन दिलं. मुंग्यांच्या ओळीवर एकच आडवी रेघ मारायला लावली, खालचं वाचता यायला हवं अशी, आणि तिच्याखाली खरं लिहायला लावलं, त्याच दिवसाची तारीख घालून, मागची नाही. मग प्रती पिशवीत घातल्या. "उद्या टेबल पंपघराच्या भिंतीला लावा," म्हणाली आणि तासाला गेली. मुदत संपली त्या दिवशी आम्ही दोघं वालाच्या शेतात वायरी ओढत होतो. तिच्या जागी मी असतो तर दिला असता प्रबंध, हे मी कबूल करतो.

पुढचे तीन-चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. आमच्यातली गाठ सोडवली ती तिच्या आईनं. शनिवारी साजगावला त्यांच्या घरी मी संचाची बॅटरी पोचवायला गेलो होतो. सुजाता जमिनीवर कागद पसरून बसलेली, आई वाल सोलत होती. लेकीनं प्रबंध का दिला नाही हे आईला अजून नीट कळलं नव्हतं, म्हणून सुजाता सांगायला लागली. चोर बांधावर मध्ये असला तर जमतं, कडेला गेला तर सगळं फुटतं. आईनं वाल सोलायचं थांबवलं.

"पन मुकादम काय एका जागी उबा ऱ्हायचा का गं?"

"आंब्याखालीच तर असायचा. मला पक्कं आठवतंय."

"तुला आठवनारच. तू धाकट्याला मांडीवर घेऊन झाडाखाली बसायचीस. तो पानी प्यायला यायचा तेवढाच तुला दिसायचा. एरवी सगळं शेत फिरायचा मेला. पार आमच्या मानेवर येऊन उबा ऱ्हायचा."

सुजाता आईकडं बघतच राहिली. मला ते बघणं आजही दिसतं. चार वर्षांचं संशोधन तिनं सहा वर्षांच्या मुलीच्या जागेवर बसून केलं होतं, भावाला थोपटत, एका झाडाखालून. "मग तो जवळ आला की तुम्ही काय करायच्या?" तिनं हळूच विचारलं.

"काय करनार? ज्या बाजूला तो, तिनं नुसती बडबड करायची. काय बी. गुरांची नावं, पाखरांची नावं, आईबापाचा उद्धार. कामाचं एक अक्षर नाय. लांबची असंल तिनं कामाचं बोलायचं. तो फिरला की आमी बी फिरलो."

"पण स्वतःच्या बडबडीत तुला आत्याचं ऐकू कसं यायचं?"

"माजी बडबड मलाच ठावं नाय का गं?" आई म्हणाली. "ती सोडून द्यायची. उरंल ते काशीचं." आणि मग वालाचं टोपलं पुढं ओढत, सहज म्हणाली, "तुला खोपोलीच्या होस्टेलात घालायचं आमी असंच ठरवलं. मालकाला कळलं असतं तर लावनीला एक पोर कमी झाली म्हनून त्यानं आमाला दारात उबं केलं नसतं. मुकादम माज्या मानेवर उबा, मी पाखरांची नावं घेतेय, आन् काशी तिकडून सांगतेय, सोमवारी घेऊन जाते पोरीला."

सुजाता उठली, आईच्या शेजारी जाऊन बसली आणि वाल सोलायला लागली. आणि मी... कर्जतकडच्या आमच्या गावी आमच्या घरची लावणीही अशाच बायकांनी केली आहे. माझे आजोबा बांधावरून फिरायचे. त्यांच्या मागं मागं मीही फिरलोय, छत्री धरून, रुबाबात. तो गलका मी ऐकलाय, आणि या बायका किती बडबडतात म्हणून हसलोय. हे मी त्या दिवशी तिथं बोललो नाही. बोलायला हवं होतं.

त्यानंतर तिनं पुन्हा नोंदणी केली, पहिल्यापासून. मार्गदर्शक सरांनी समजावलं, विभागप्रमुखांनी समजावलं, भावानं पुण्याहून फोन करून समजावलं. तिचं एकच, "मला माहीत असलेलं खोटं मी काळ्या पुठ्ठ्यात बांधणार नाही." आईच्या युक्तीला तिनं गणितात बसवलं. चोर कुठं आहे हे कधीच कळत नाही, हे धरून चालायचं. संदेश उघडायला लागणारी किल्ली दोन तुकड्यांत करायची. एक तुकडा गच्ची पाठवेल तेव्हा पंपघर निरर्थक बडबड करेल, दुसरा पंपघर पाठवेल तेव्हा गच्ची बडबडेल. चोर ज्याच्या मानेवर उभा असेल त्याचा तुकडा त्याला मिळेल, मिळू दे. दुसरा तुकडा त्याच्याच कानाशी चाललेल्या बडबडीत बुडेल, आणि अर्ध्या किल्लीनं काहीच उघडत नाही. वेग निम्म्याहून खाली आला. कुणीतरी परिसंवादात तिला तसं बोलूनही दाखवलं. "हळू बोलू," ती म्हणाली, "पण आमचं आम्हीच ऐकू."

आणि माझी खुंटी तिनं उपटली. आता चोरानं फिरायचं होतं. मी कालव्याच्या कडेनं बसलो, गच्चीच्या जिन्यात बसलो, गोठ्यात बसलो, डोंगरावरून वीजकेंद्राचे पाइप उतरताना दिसतात त्या चढावर जाऊन बसलो. कधी कधी मला वाटायचं, बाई मला मुंग्यांची शिक्षा देतेय. एकदा बोलूनही गेलो. ती म्हणाली, "शिक्षा नाही. तुम्ही एकदा खरं सांगितलंत ना, म्हणून तुमच्याशिवाय दुसरा चोर मला चालणार नाही." मग पुन्हा घरी फोन यायला लागले, "वहिनी, चोर जेवला का?" दोन वर्षं असं चाललं. तक्त्यात एकच ओळ राहिली होती, पंपघराच्या भिंतीची. सगळ्यात कठीण जागा म्हणून तिनं ती मुद्दाम शेवटी ठेवली होती. मांडणी लिहून ठेवली होती, संच भरून ठेवले होते. या वेळी तिचा आवाज, कालवणाची तीच पहिल्या वर्षीची कृती, गच्चीवरून येणार होता. आम्ही बुधवारी बसायचं ठरवलं होतं, आणि रविवारी तो फोन आला.

पंधरा दिवसांनी मार्गदर्शक सरांनी मला बोलावलं. चांगला माणूस. म्हणाले, "दत्तात्रय, तिच्या नावानं आपण हे प्रसिद्ध करू. एक ओळ रिकामी राहिली तरी चालेल, मी तळटीप देईन. कुणी काही म्हणणार नाही." कुणी काही म्हणणार नाही, हे शब्द मी स्वतःशीच एकदा म्हणून बसलोय. मी म्हटलं, "सर, चालणार नाही. ती ओळ मी भरतो." ते माझ्याकडं बघत राहिले. सहायकानं सरांशी असं बोलायची आमच्याकडं पद्धत नाही. पण मग त्यांनी मान डोलावली आणि गच्चीची किल्ली स्वतः काढून दिली.

पंपघराची किल्ली साजगावला होती. आणायला गेलो तर आई म्हणाली, "मित्राच्या बाजूला कोन बसनार?" मी म्हटलं, कुणी नाही, संच आपला आपण नोंद घेतो. "मी बसते," ती म्हणाली. मी तिला रिक्षानं घेऊन गेलो. पंपघरात खुर्ची टाकली, स्पीकर सुरू केला, दार लावून घेतलं, आणि बाहेर त्याच भिंतीशी टेबल मांडून बसलो. पाठ भिंतीला, कानाला हेडफोन.

खरखर. इतकी वर्षं मी ती ऐकली, पण कामाचा भाग म्हणून. ऐकू आलं नाही की बरं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मी मनापासून चोर झालो. मला तिचा आवाज हवा होता. हवेत तो होता, गच्चीवरून निघून माझ्या डोक्यावरून, माझ्यातून, मागच्या भिंतीतून आत जात होता. आत तिची आई तो ऐकत होती. मी डोळे मिटले, आवाज वाढवला, लॅपटॉपवर होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या खटपटी केल्या. एक शब्द तरी... सुकट, लसूण, काहीही. चारही तास मी प्रयत्न केला आणि त्यात जराही कसर ठेवली नाही. मी कमी पडलो असतो तर ती मोजणी खोटी ठरली असती. काही आलं नाही. डोळ्यांतलं पाणी थांबेना आणि तरी आतून मला असं वाटत होतं की उठून ओरडावं, बाई, जिंकलात.

दार वाजलं. आई बाहेर आली, पदरानं तोंड पुसत, भिंतीचा आधार घेत.

"समदं सांगितलं बग तिनं," म्हणाली. "सुकट, वांगी, चिंच, कोथमीर. मी सांगितलं व्हतं तस्संच. आन् शेवटाला तुज्यासाटी काय तरी हाय."

"माझ्यासाठी?"

"म्हनते, दत्ताभाऊ, इथवर ऐकू आलं असंल तर हायेत तिथनं उठा आन् पयलं येऊन मला सांगा." आई माझ्याकडं बघत होती. "तुला आलं का रं ऐकू?"

ते बोलणं तिनं पहिल्याच वर्षी भरलेलं होतं. मुंग्यांच्या दिवशीही ते त्या कृतीच्या शेवटी होतंच. मी चिंचेपाशी हेडफोन काढले नसते तर तेव्हाच ऐकलं असतं. तिला हे ठाऊक होतं, आणि एवढ्या वर्षांत तिनं मला ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

"नाही आई," मी म्हणालो. "काहीच नाही आलं."

"मंग जमलं म्हन की तिचं."

मला लगेच आत जायचं होतं. तो आवाज एकदा स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. पण रजिस्टर समोर उघडं होतं. मी आईला खुर्ची दिली, पेन घेतलं आणि मित्राच्या रकान्यात आई सांगेल तसं लिहिलं, सगळं पोचलं. मग चोराच्या रकान्यात लिहिलं, काही ऐकू आलं नाही. तारीख घातली, सही केली. मग उठलो.